आदिवासींवर झालेला ऐतिहासिक अन्याय वर्गात शिकवायचाय? सुरुवात कुठून करायची, काय टाळायचं

आठवी ते दहावीच्या मुलांना जगभरच्या आदिवासी लोकांवर झालेला अन्याय शिकवायचा म्हटलं की पहिली अडचण म्हणजे विषय एवढा पसरलेला आहे की टोकच सापडत नाही. मग होतं काय, एक दुःखी व्हिडिओ लावायचा, मुलं जरा गप्प बसतात, बेल वाजते आणि आपल्याला वाटतं झालं शिकवून. दुसऱ्या दिवशी विचारलं काय समजलं तर उत्तर येतं, "बिचाऱ्यांचे फार हाल झाले." कोणी केले, कशाने केले, का केले, काही नाही.

मी हा टॉपिक गेली काही वर्षं घेतेय आणि माझं एकच सांगणं आहे, मुलांच्या हातात कायद्याचा कागद द्या. हे हाल पावसासारखे आकाशातून पडले नव्हते, कोणीतरी ऑफिसात बसून मसुदा लिहिला, सही झाली, गॅझेटात छापून आला आणि मग शिपाई, फॉरेस्ट गार्ड, शाळेचे मास्तर कामाला लागले. हे एकदा मुलांना दिसलं की पुढचे प्रश्न ती स्वतःच विचारतात. खाली क्रमाने लिहिलंय, पाच-सहा पिरियडमध्ये बसतं, वेळ कमी असेल तर कुठे कापायचं तेही सांगते.

आधी हे गोळा करा

- एका कायद्याचा उतारा, जास्तीत जास्त एक पान, मोठ्या अक्षरात, मराठीत करून. प्रत्येक दोघांत एक प्रिंट
- एकाच भागाचे दोन नकाशे, कायद्याआधीचा आणि नंतरचा
- एक जुना फोटो, आणि तो कोणी व कशासाठी काढला याची माहिती
- त्या समाजातल्या माणसाने स्वतः सांगितलेलं काहीतरी, साक्ष, भाषण, मुलाखत, काहीही
- नंतरच्या काळातला एक सरकारी कागद, म्हणजे कोर्टाचा निकाल, आयोगाचा अहवाल किंवा संसदेतली माफी
- नाव न लिहिता प्रश्न टाकायला एक डबा

प्रोजेक्टर असला तर बरं, नसला तरी अडत नाही.

१. एकच ठिकाण आणि एकच कायदा पकडा

सगळं जग एका पीपीटीत कोंबू नका. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, भारत सगळं घेतलं की मुलांच्या डोक्यात फक्त सनावळ्या राहतात. एक केस पूर्ण शिकवा, बाकीच्यांचा उल्लेख ओघात येऊ दे. वर्गात चालतात अशा काही केसेस:

भारत: १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, किंवा १८७८ चा वन कायदा आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला २००६ चा वनहक्क कायदा. ही जोडी माझी सगळ्यात आवडती, कारण २००६ च्या कायद्याच्या प्रस्तावनेत खुद्द सरकारनेच "ऐतिहासिक अन्याय" असे शब्द वापरलेत, आणि तो इंग्रजांच्या काळात झाला तसाच स्वतंत्र भारतातही झाला असं त्यात स्पष्ट म्हटलंय. कोणी विचारलं की मॅडम तुम्ही हे कुठून काढलंत, तर कागद पुढे करायचा.

कॅनडा: १८७६ चा इंडियन अ‍ॅक्ट (तिथल्या आदिवासींना तेव्हा "इंडियन" म्हणायचे) आणि निवासी शाळा, म्हणजे आदिवासी मुलांना घरापासून दूर ठेवून त्यांची भाषा मोडणाऱ्या शाळा. १९२० मध्ये कायद्यात बदल करून मुलांना या शाळांत पाठवणं सक्तीचं केलं. दीड लाखाहून जास्त मुलं या शाळांतून गेली आणि शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या, हे ऐकून मुलं हटकून चमकतात कारण त्यांचे आईबाबा तेव्हा शाळेत होते.

अमेरिका: १८३० चा इंडियन रिमूव्हल अ‍ॅक्ट आणि चेरोकी या आदिवासी लोकांची हकालपट्टी.

ऑस्ट्रेलिया: ही जमीन कोणाचीच नव्हती असं गृहीत धरून चाललेली व्यवस्था आणि ते गृहीतक मोडून आदिवासींचा जमिनीवरचा हक्क मानणारा १९९२ चा माबो निकाल.

न्यूझीलंड: १८४० चा वायटांगीचा करार, इंग्रज सरकार आणि तिथले आदिवासी म्हणजे माओरी यांच्यातला. इंग्रजी प्रत आणि माओरी प्रत यांत सत्तेबद्दल वेगवेगळं लिहिलंय आणि बहुतेक माओरी प्रमुखांनी सही केली ती माओरी प्रतीवर. नववी-दहावीला मस्त जमते, त्याच्या खाली नको.

पाचवी-सहावीला शिकवत असाल तर हिंसेचे तपशील बाजूला ठेवा आणि भाषा, घर, शाळा यावरच राहा.

२. शिकवण्याआधी आकडे तपासा

हे कंटाळवाणं आहे पण सोडू नका. इथला नेहमीचा सापळा म्हणजे बातमीचं हेडिंग. २०२१ मध्ये कॅनडात कॅमलूप्सच्या जुन्या निवासी शाळेच्या आवारात रडारने तपासणी झाली आणि नोंद नसलेल्या संभाव्य कबरी असल्याचं तिथल्या आदिवासी समाजाने जाहीर केलं. संभाव्य. पण बऱ्याच ठिकाणी छापून आलं की सामूहिक कबर सापडली. मग ज्यांना हा सगळा इतिहासच खोटा ठरवायचाय त्यांना आयतं निमित्त मिळालं. आणि मुळात त्याची गरजच नव्हती, कारण कॅनडाच्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ च्या अहवालात या शाळांतल्या ३,२०० मृत्यूंची नोंद आधीच मांडली होती. तर जे कागदावर पक्कं आहे तेवढंच बोला, ते पुरेसं आहे, खरं तर पुरून उरतं.

३. वर्गात कोण बसलंय ते लक्षात घ्या

तुमच्या वर्गात आदिवासी किंवा विमुक्त जमातींतली (इंग्रजांनी ज्यांना गुन्हेगार ठरवलं होतं त्या जमाती) मुलं असतील, तुम्हाला माहीत असो वा नसो. "अरे तू सांग ना, तुमच्यात काय म्हणतात" असं त्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करून विचारणं, हे कृपया करू नका. त्याला स्वतःहून बोलायचं असेल तर बोलेल. विषय सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात सगळ्या वर्गाला सांगून टाका की आपण हे शिकणार आहोत, त्यात काही भाग जड आहे, आणि कोणाला वेगळं येऊन बोलायचं असेल तर चालेल. मुख्याध्यापकांनाही एक पानाचा प्लॅन देऊन ठेवा, नंतर पालकांचा फोन आला तर त्यांना माहीत असलेलं बरं.

आणि समाजातल्या कोणाला बोलायला बोलावणार असाल तर त्यांना त्यांच्या आवडीचा विषय निवडू द्या. वकील असतील तर वकिलीवर बोलतील, शेतकरी असतील तर बियाण्यांवर. प्रत्येक वेळी दुःखच सांगायला या असं आमंत्रण देऊ नका, मानधन द्या, आणि नाचगाणं तर अजिबात मागू नका.

४. पहिला पिरियड: अन्यायाच्या आधीची माणसं

थेट कत्तलीपासून सुरुवात केली की मुलांना ती माणसं फक्त मेलेलीच माहीत होतात. आधी ती कशी राहत होती, त्यांचं राज्य कसं चालायचं ते येऊ दे. आणि सगळ्यांना एकाच शब्दात गुंडाळू नका, चेरोकी, नवाहो, माओरी, गुरिंदजी, गोंड, भिल्ल, ज्यांचं जे नाव ते घ्या.

चेरोकींचं उदाहरण मी मुद्दाम घेते. सिक्वोया नावाच्या माणसाने १८२१ च्या सुमारास चेरोकी भाषेसाठी लिपी तयार केली, १८२७ मध्ये त्यांनी लिखित राज्यघटना केली, १८२८ मध्ये त्यांचं स्वतःचं वर्तमानपत्र निघालं. हे फळ्यावर लिहायचं आणि विचारायचं, यांचं पुढे काय झालं असेल? मुलं म्हणतात प्रगती झाली असेल. मग सांगायचं की १८३० ला हकालपट्टीचा कायदा झाला, १८३२ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की चेरोकींच्या भूमीत जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहीत, आणि तरीही १८३८ मध्ये सैन्य लावून त्यांना घरातून काढून पश्चिमेला चालवत नेलं, वाटेत आणि छावण्यांत अंदाजे चार हजार माणसं मेली. "ते मागासलेले होते म्हणून असं झालं" हा समज इथेच तुटतो, तुम्हाला वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

५. दुसरा पिरियड: कागद वाचायचा

हा सगळ्यात महत्त्वाचा, वेळ कमी असेल तर बाकी काहीही कापा, हा नको. मी गुन्हेगार जमाती कायदा घेते. १८७१ ला तो उत्तर भारतातल्या काही प्रांतांसाठी आला, १९११ च्या कायद्याने सगळ्या ब्रिटिश भारतात वापरता येईल असा झाला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार आहे असं जाहीर केलं की तिच्यातल्या लोकांची नावं रजिस्टरला लागायची, ठरवून दिलेल्या जागी राहायचं, हजेरी लावायची, बाहेर जायचं तर पास. आणि एक कलम मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या: जमात जाहीर करणारी ही अधिसूचना बरोबर की चूक हे कोणत्याही कोर्टाला विचारता येणार नाही. इथे थांबा. काही बोलू नका. कोणीतरी म्हणेलच, "म्हणजे तक्रार कुठे करायची?"

मग गटात चार प्रश्न:

१. काल जे रोजचं काम होतं आणि आज गुन्हा झालं असं काय काय आहे?
२. हा कायदा लिहिताना ज्यांच्यावर तो लागणार होता त्यांच्यातलं कोणी तिथे होतं का?
३. याने फायदा कोणाचा झाला?
४. दाद मागायची तर कोणाकडे?

हेच चार प्रश्न कोणत्याही देशाच्या कायद्याला चालतात. वन कायदा घेतलात तर पहिल्या प्रश्नाला उत्तरांची रांग लागते, सरपण आणलं गुन्हा, गुरं चारली गुन्हा, पालापाचोळा गोळा केला गुन्हा. आणि तिसऱ्याला उत्तर नकाशातून येतं, कारण राखीव जंगलातलं लाकूड रेल्वेच्या स्लीपरसाठी आणि जहाजांसाठी लागत होतं.

एक तारीख मात्र सांगायला विसरू नका. देश स्वतंत्र झाला १५ ऑगस्ट १९४७ ला, आणि गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. विमुक्त समाज हा दिवस पाळतो तो यासाठी. मधली पाच वर्षं काय, हा प्रश्न मुलांवर सोडा. आणि नंतर सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, पोलिसांचा संशय काही लगेच गेला नाही, तेही सांगा.

६. तिसरा पिरियड: एक फोटो, सावकाश

आपल्या मुलांना शाळा म्हणजे चांगलीच गोष्ट असं लहानपणापासून शिकवलेलं असतं, त्यामुळे निवासी शाळांत वाईट काय होतं हे त्यांना पटकन कळत नाही. "फुकट शिक्षण दिलं की मॅडम" असं येतंच. इथे फोटो कामाला येतो.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात कार्लाइल इंडियन स्कूल १८७९ ते १९१८ चाललं, रिचर्ड प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने काढलेलं. टॉम टॉर्लिनो या नवाहो तरुणाचे दोन फोटो प्रसिद्ध आहेत, एक शाळेत आला तेव्हाचा, लांब केस, दागिने, एक तीन वर्षांनंतरचा, सूट, कापलेले केस. नुसतं बघायला द्या, पाच मिनिटं काही सांगू नका. मग विचारा: त्वचेचा रंग वेगळा का दिसतोय? प्रकाश कसा पाडलाय? हा फोटो बघणारा गिऱ्हाईक कोण असेल? असे आधी-नंतरचे फोटो शाळेच्या प्रचारासाठी काढले जायचे, पाठिंबा आणि पैसा मिळावा म्हणून. आजच्या मुलांना फिल्टर आणि जाहिरात या गोष्टी आपल्यापेक्षा चांगल्या कळतात, त्यामुळे हा पिरियड ती खेचून नेतात.

फोटोनंतर मगच सांगा की अशा शाळांत स्वतःची भाषा बोलल्याबद्दल मार मिळायचा, भावंडांना वेगळं ठेवायचे, आणि कॅनडात तर मुलाला पाठवलं नाही तर आईबापांवर कारवाई होऊ शकत होती. फुकट शिक्षणाचा मुद्दा मग कोणी काढत नाही.

७. चौथा पिरियड: लढले कसे

हा वगळला तर सगळी मेहनत वाया, कारण मुलं दया घेऊन घरी जातात. बिरसा मुंडा मुलांना माहीत असतात, पण त्यांच्या उलगुलाननंतर (म्हणजे बंडानंतर) १९०८ चा छोटानागपूर कुळ कायदा आला आणि आदिवासींची जमीन बाहेरच्यांना विकण्यावर बंधनं आली, हे माहीत नसतं. म्हणजे लढ्यानेही कागद बदलतो.

न्यूझीलंडमधल्या पारिहाका गावाची गोष्ट सांगा. "ते व्हिटी" आणि "तोहू" नावाच्या दोन नेत्यांच्या मागे माओरी लोकांनी जप्त होणाऱ्या जमिनीत नांगर घातले, कुंपणं परत उभी केली, हत्यार उचललं नाही. सरकारने त्यांना खटला न चालवता डांबून ठेवता यावं म्हणून वेगळे कायदेच केले. ५ नोव्हेंबर १८८१ ला सैन्य गावात शिरलं तेव्हा समोर लहान मुलं गाणी म्हणत बसली होती. गांधीजी तेव्हा बारा वर्षांचे होते, एवढं वाक्य टाकलं की वर्ग जागा होतो.

ऑस्ट्रेलियात १९६६ ला व्हिन्सेंट लिंगियारी आणि गुरिंदजी मजूर वेव्ह हिलच्या गुरांच्या फार्मवरून काम सोडून निघाले, सुरुवातीला सगळ्यांना वाटलं पगाराचा संप आहे, पण ते जमीन मागत होते. १९७५ मध्ये पंतप्रधान व्हिटलम यांनी लिंगियारींच्या हातात माती ओतली. आणि एडी माबो यांनी आपल्या लोकांच्या जमिनीच्या हक्कासाठी १९८२ ला केस टाकली, जानेवारी १९९२ मध्ये ते वारले, निकाल जूनमध्ये आला, जिंकले. आपल्याकडचं घ्यायचं तर नियमगिरी, २०१३, सुप्रीम कोर्टाने ग्रामसभांना विचारा म्हटलं आणि ओडिशातल्या बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला नाही म्हटलं.

एवढं सगळं घेऊ नका, दोन घ्या.

८. आजचं काय, ते टाळू नका

"हे सगळं जुनं झालं" हे वाक्य तोडायला भाषण नको, तीन गोष्टी पुरतात. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये मान्य केलं की ब्लॅक हिल्स हे डोंगर सू या आदिवासी लोकांकडून बेकायदा घेतले गेले, दहा कोटी डॉलरच्या वर भरपाई ठरली, आणि त्यांनी ती आजपर्यंत घेतलेली नाही, त्यांना डोंगर हवेत. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आदिवासी हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला, विरोधातले चार म्हणजे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड (चौघांनीही नंतर भूमिका बदलली). ही चार नावं मुलांकडून ओळखून घ्या, मजा येते. भारताने बाजूने मत दिलं, पण भारतातले सगळेच लोक इथले मूळ रहिवासी आहेत अशी आपल्या सरकारची भूमिका आहे, आणि यावर मोठ्या मुलांमध्ये चांगली चर्चा होते.

तिसरी गोष्ट वनहक्काची. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने वनहक्क कायद्याखालचे ज्यांचे जमिनीचे दावे नाकारले गेलेत त्यांना जंगलातून हटवायचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. मुलांना विचारा, तुमचं कुटुंब याच जागी पिढ्यान्‌पिढ्या राहतंय हे कोर्टात सिद्ध करायचं तर घरातले कोणते कागद काढाल? लाइट बिल फार तर आजोबांपर्यंत जातं. मग सांगा की वनहक्काच्या नियमांत गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं लेखी निवेदनही पुरावा म्हणून धरलंय.

९. हे प्रश्न येणारच, तयारी ठेवा

"त्या काळी सगळ्यांनाच असं वाटायचं ना?" नाही. कॅनडाच्या सरकारचेच डॉक्टर पीटर ब्राइस यांनी १९०७ मध्ये लिहून दिलं होतं की या शाळांत क्षयाने मुलं मरतायत, हवा खेळत नाही, सुधारणा करा. सरकारने ऐकलं नाही. १९२२ मध्ये त्यांनी सगळं स्वतः छापून काढलं. म्हणजे माहीत होतं.

"पण रेल्वे, दवाखाने आले ना?" चिडू नका, हा प्रामाणिक प्रश्न असतो. परत कागदाकडे न्या: रेल्वे आणायला मुलांची भाषा बंद करावी लागते का?

"माझे आजोबा तिथे नव्हते, मी का वाईट वाटून घेऊ?" वाईट वाटून घ्यायला कोणी सांगितलेलंच नाही असं सरळ सांगा. आपण शोधतोय की ती जमीन, ते जंगल आज कोणाकडे आहे आणि तिथपर्यंत कसं आलं.

ज्याचं उत्तर येत नाही तो प्रश्न डब्यात टाकायचा आणि पुढच्या तासाला शोधून यायचं.

१०. काय करून घ्यायचं नाही

"तू निवासी शाळेतला मुलगा आहेस अशी कल्पना कर आणि डायरी लिही" हा गृहपाठ ऐकायला छान वाटतो, पण येतं काय तर सिरियलसारखं लिखाण. हकालपट्टीचं नाटक, वर्गात बाक हलवून "तुमची जमीन गेली" असले खेळही नकोत, मुलं हसतात, नाहीतर एखादं खरंच घाबरतं. ९ ऑगस्टला, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाला, पिसं लावून डान्स आणि वारली पट्टीचं ग्रीटिंग कार्ड, यातून इतिहास शिकवला जात नाही.

११. मग मार्क कशावर द्यायचे

मी पाठ्यपुस्तकातला किंवा एखाद्या जुन्या पुस्तकातला या विषयावरचा एक परिच्छेद देते आणि सांगते, वर्गात वाचलेल्या कागदांच्या आधारे हा नव्याने लिहा, दहा ओळींत. तपासताना तीन गोष्टी बघते: निर्णय कोणी घेतला त्याचं नाव किंवा खातं लिहिलंय का, त्या लोकांनी काय केलं ते आलंय का, आणि प्रत्येक दाव्यामागे कोणता कागद आहे ते सांगितलंय का. शुद्धलेखनाचे मार्क कापत नाही. ज्यांना लिहायला जड जातं त्यांनी नकाशावर बोलून दाखवलं तरी चालतं, मोबाइलवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग घ्या. सगळी उत्तरं आणि डब्यातले प्रश्न फाइलला लावून ठेवा, पुढच्या बॅचला पहिल्या पिरियडला त्यातलेच तीन-चार प्रश्न फळ्यावर लिहून सुरुवात करता येते.